जोड लावायची तर नीट लावा : बॉक्सिंगचे वेगवेगळ्या काळातले हेवीवेट चॅम्पियन

गोदाकाठ (नांदेड)

‘अली का टायसन’ हा प्रश्न इथं सारखा निघतो आणि चौथ्या प्रतिसादापर्यंत गाडी ‘माझाच हिरो मोठा’वर येऊन अडकते. कारण कोणता अली आणि कोणता टायसन, हे कोणी सांगतच नाही. १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत गुंडाळणारा अली वेगळा आणि १९७५ ला मनिलात फ्रेझरचा मार खात १४ फेऱ्या उभा राहिलेला अली वेगळा. पहिल्याकडं पाय होते. दुसऱ्याचे पाय गेले होते, सोसायची ताकद तेवढी राहिली होती. मधली साडेतीन वर्षं परवाना काढून घेतल्यामुळं वाया गेली.

म्हणून या धाग्यावर जोड लावताना आधी तारीख लिहा, म्हणजे वय आणि वजन पक्कं होतं. मग फेऱ्या १२ का १५ ते. मग हातमोजे : अली-फ्रेझरच्या काळात ८ औंसाचे, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅम, आता हेवीवेटला १० औंस, २८३ ग्रॅम. आणि शेवटी रेफरी मिठी, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, किती चालवून घेणार ते. ‘आज जन्मला असता तर वजन वाढवून आला असता’ हे इथं चालणार नाही. तसं केलं की खेळाडू राहत नाही, नुसतं नाव राहतं.

‘कॉम्प्युटरवर सोडा की’ असं म्हणणाऱ्यांसाठी : ते होऊन गेलंय. १९६७ ला अमेरिकेत मरे वोरोनर नावाच्या निर्मात्यानं १६ चॅम्पियनांची रेडिओ स्पर्धा कॉम्प्युटरवर खेळवली. अली जेफ्रीजकडून हरला, अंतिम लढतीत मार्सियानोनं डेम्प्सीला हरवलं. अलीनं चिडून अब्रुनुकसानीचा दावा ठोकला आणि तडजोडीत १९६९ ला मार्सियानोसोबत खोट्या लढतीचं चित्रीकरण केलं. मार्सियानो त्यासाठी वजन उतरवून, डोक्यावर केसांचा टोप घालून आला होता. जानेवारी १९७० ला अमेरिकेत दाखवलेल्या फिल्ममध्ये मार्सियानो १३व्या फेरीत जिंकला, युरोपातल्या फिल्ममध्ये जखमांमुळं अली जिंकला. जिथं जसं गिऱ्हाईक तसा निकाल. त्यामुळं कॉम्प्युटरचं नाव नको.

पहिली जोड माझी. अली, १४ नोव्हेंबर १९६६, वय २४, वजन ९६ किलोच्या पुढं. टायसन, २७ जून १९८८, म्हणजे स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं तो दिवस, २२ पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी, वजन ९९ किलो. १५ फेऱ्या, ८ औंस, रेफरी मध्यम कडक. माझं मत : अली, ११व्या-१२व्या फेरीत रेफरी थांबवतो.

बालाघाटी (उदगीर)

अण्णा, तुमच्या अटी मान्य. निकाल मान्य न्हाई.

अलीचा बचाव म्हणजे हात कमरेला आणि डोकं सरळ मागं ओढणं. ठोसा लांबून, सरळ येणार असेल तर हे जमतं. डावा हुक वर्तुळात येतो, डोकं मागं नेलं तरी तो मागं मागं येतो. १९६२ ला सनी बँक्सनं पहिल्याच फेरीत पाडलं, डावा हुक. १९६३ ला वेम्ब्लीत हेन्री कूपरनं पाडलं, डावा हुक. १९७१ ला १५व्या फेरीत फ्रेझरनं पाडलं, तोही डावाच हुक. तीन वेगळी माणसं, चूक एकच. टायसनचा गुरू कस डमॅटो, त्याच्या तालमीत ज्याला हुकच शिकवलाय त्याच्यासमोर ही चूक घेऊन उभं राहायचं?

टायसनचं पीकाबू नीट बघा. दोन्ही मुठी गालाच्या हाडाला, कोपरं बरगड्यांना चिकटलेली, हनुवटी छातीत. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आला की तो मागं सरकत नाही. गुडघ्यातून खाली जाऊन डोकं जॅबच्या बाहेरच्या बाजूला काढतो. तेव्हा सगळं वजन वाकलेल्या पायावर गेलेलं असतं, म्हणजे पुढचा ठोसा आधीच भरून ठेवलाय. तिथून पहिला ठोसा बरगडीला, त्याच बाजूनं दुसरा हनुवटीला. समोरचा कोपर खाली आणतो तोवर वरचा लागलेला असतो. अली अंगावर मारतच नव्हता, त्यामुळं टायसनच्या बरगड्या मोकळ्या असल्या तरी त्याचा अलीला फायदा शून्य.

माझा निकाल : टायसन, तिसऱ्या ते पाचव्या फेरीत.

पूर्णाकाठची (परभणी)

बालाघाटी भाऊ, हुकचं तुमचं बरोबर आहे, पण हुक मारायला आधी जवळ जावं लागतं आणि तिथं पोचल्यावर काय होतं तेही बघा. मार्च १९८७ ला बोनक्रशर स्मिथनं टायसनला १२ फेऱ्या मिठ्या मारून काढल्या. हरला, पण पडला नाही. ऑगस्टमध्ये टोनी टकरनं १२ फेऱ्या काढल्या. त्याआधी १९८६ ला टिलिस आणि मिच ग्रीन दोघांनी दहा-दहा. ही काही महान मंडळी नव्हती. चौघांचं औषध एकच : टायसन आत आला की त्याचे दोन्ही दंड बांधायचे. आणि बांधल्यावर टायसन आत काम करत नाही, रेफरी सोडवायची वाट बघतो. त्याच्या खेळातली ही सगळ्यात मोठी फट. रॉबर्टो डुरान या बॉक्सरसारखा एक हात मोकळा ठेवून मारत राहणं त्याच्याकडं नव्हतं.

अली या कामात उस्ताद होता. डावा पंजा समोरच्याच्या मानेमागं, ओढून खाली, वर आपलं वजन. जानेवारी १९७४ ला फ्रेझरला त्यानं असंच मानेला धरून धरून थकवलं. फ्रेझरचा ट्रेनर एडी फच यामुळं एवढा वैतागला की मनिलाच्या वेळी रेफरी कोण यावर तो अडून बसला, आणि फिलिपिन्सचा कार्लोस पडिला आला. पडिला मान धरू देत नव्हता, म्हणून ती लढत तशी झाली.

तेव्हा गोदाकाठ अण्णा, ‘मध्यम कडक’वर भागणार नाही. १९७४च्या लढतीचा रेफरी टोनी पेरेझ उभा केला तर अली आरामात. पडिला उभा केला तर बालाघाटी भाऊंच्या निकालाला जागा आहे.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

अलीनं पत्रकार परिषदेतच अर्धी लढत जिंकली असती 😄

बालाघाटी (उदगीर)

१९६४ ला अलीनं लिस्टनला बोलून जिंकलं म्हणतेत, ते जॅबनं जिंकलं होतं. सातव्या फेरीला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही, ते तोंडाच्या वाफेनं न्हाई.

पूर्णाताई, १९८८चा टायसन ८६-८७पेक्षा पुढं गेलेला होता. स्पिंक्सला मिठी मारायला वेळच मिळाला नाही.

पूर्णाकाठची (परभणी)

स्पिंक्स खालच्या वजनगटातून वर चढवलेला लाइट हेवीवेट होता, ६ फूट २ इंच, ९६ किलो, आणि घाबरलेला. अली १९६६ ला त्याच वजनात होता, पण घाबरलेला नव्हता आणि गोल फिरत होता. टायसनला सरळ रेषेत मागं जाणारा माणूस आवडतो. टोकियोत ११ फेब्रुवारी १९९० ला डग्लसनं काय केलं? जॅब मारला, उजवा मारला आणि प्रत्येक वेळी आपल्या डावीकडं किंवा उजवीकडं अर्धं पाऊल काढलं. ८३ इंचांची पोहोच, पण ती सरळ मागं पळण्यात वाया घालवली नाही. टायसन डोकं हलवायचं सोडून एकेक ठोसा मारायला लागला. आठव्या फेरीत अपरकटनं, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशानं, डग्लसला पाडलं खरं, तरी दहावीत टायसन स्वतः गेला. ट्रेनर केव्हिन रूनीला काढल्यावर कोपऱ्यात ओरडून ‘डोकं हलव’ म्हणणारा कोणी उरला नव्हता, हे १९९० ला खरं. १९८८ ला रूनी होता, एवढं तुमच्या बाजूनं धरते.

आणि एक. १५ फेऱ्या ठरल्यात. टायसन आयुष्यात १२च्या पुढं गेलेला नाही.

मांजराकाठ (लातूर)

१५ फेऱ्यांचा विषय निघालाच आहे तर तिथंच थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त निकाल तिथंच उलटतात. नोव्हेंबर १९८२ ला मॅन्सिनीशी लढताना १४व्या फेरीत पडलेला कोरियाचा किम दुक-कू चार दिवसांनी वारला, त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेनं फेऱ्या १२वर आणल्या. बाकीच्या संघटना पुढच्या काही वर्षांत मागोमाग आल्या. मातीवरचा पैलवान गादीवर आणला की डाव तेच राहतात पण दमाचं गणित बदलतं, इथंही तसंच.

आता जुन्या लढतींना १२ फेऱ्यांची कात्री लावून बघा.

१८ जून १९४१, जो लुईस आणि बिली कॉन. कॉन लाइट हेवीवेटमधून वर आलेला, लुईसपेक्षा बराच हलका. १२ फेऱ्या संपल्या तेव्हा गुण देणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या कागदावर कॉन पुढं होता. १३व्या फेरीत तो पाडायच्या नादात समोरासमोर उभा राहिला आणि लुईसनं त्याला झोपवलं. १२ फेऱ्या असत्या तर चॅम्पियन कॉन.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. वॉलकॉटनं मार्सियानोला पहिल्या फेरीत पाडलेलं, १२ फेऱ्यांनंतर तिन्ही कागदांवर वॉलकॉट पुढं. १३व्या फेरीत दोराजवळ मार्सियानोचा एक आखूड उजवा, आणि वॉलकॉट दोरावर हात अडकून खाली घसरला. १२ फेऱ्या असत्या तर ‘४९-०’ हा आकडाच नसता.

तेव्हा ‘मार्सियानो कधी हरला नाही’ म्हणताना पुढं ‘१५ फेऱ्यांच्या नियमात’ जोडा. यात त्याचा अपमान नाही. तो लढायचाच १५ फेऱ्यांच्या हिशोबानं. दंड, खांदे, कोपर, जिथं लागेल तिथं मारायचा. गुण मिळोत न मिळोत. दहाव्या फेरीपर्यंत समोरच्याचे हात वर राहत नसत. हे व्याज वसूल व्हायला शेवटच्या तीन फेऱ्या लागतात.

याच हिशोबानं माझी जोड : मार्सियानो सप्टेंबर १९५२, ८३.५ किलो, ५ फूट १० इंच, पोहोच जेमतेम ६८ इंच. समोर युक्रेनचा उसिक, मे २०२४, सुमारे १०१ किलो, ६ फूट ३ इंच, पोहोच ७८ इंच, डावखुरा.

गोदाकाठ (नांदेड)

मांजराकाठ मामा, ही जोड काट्याची नाही. साडेसतरा किलोचा फरक. मार्सियानो आज हेवीवेटमध्ये बसतच नाही. १७५ पौंडांच्या पुढचे सगळे हेवीवेट, हा तेव्हाचा नियम. आता २०० पौंडांपर्यंत, म्हणजे ९०.७ किलोपर्यंत क्रूझरवेट. उसिक स्वतः २०१८ ला क्रूझरचे चारही पट्टे जिंकून वर आला. लावायचीच तर क्रूझरवेटचा उसिक घ्या, मॉस्कोत गॅसिएव्हला हरवलेला. त्याचं वजन ९०च्या आसपास.

मांजराकाठ (लातूर)

चालतंय. जुलै २०१८चा उसिक. पण मग १५ फेऱ्या माझ्या.

उसिकचं काम पुढच्या पायावर चालतं. डावखुरा असल्यानं त्याचा उजवा पाय पुढं; तो सतत समोरच्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या बाहेर ठेवायचा. तिथून त्याचा डावा सरळ ठोसा मधल्या रेषेनं जातो आणि समोरच्याला उजवा मारायला आधी वळावं लागतं. पुढचा उजवा हात समोरच्याच्या डाव्या मोज्यावर नुसता टेकवून ठेवायचा, दाबायचा, झाकायचा. खरा ठोसा चौथा-पाचवा. समोरचा पहिल्या तीन खोट्यांना दचकून थकतो. जोशुआ आणि फ्यूरी दोघंही शेवटच्या चार फेऱ्यांत मंदावले ते यामुळंच.

मार्सियानोला याचं उत्तर म्हणजे एवढं खाली वाकणं की सरळ ठोसा डोक्यावरून जावा, आणि तिथून वरून येणारा उजवा, ज्याला तो सुझी क्यू म्हणायचा. डावखुऱ्याला उजवा हाच ठोसा लागतो, हे त्याच्या फायद्याचं. उसिकला पोटात मारलेलं सोसत नाही असं लोक म्हणतात. २०२३ ला व्रोत्सवाफमध्ये ड्युबोआचा ठोसा पट्ट्यावर का पट्ट्याखाली यावर अजून भांडण चालू आहे. मार्सियानो पट्ट्याची रेषा फार पाळणाऱ्यातला नव्हता.

तरी माझ्या हिशोबानं १० फेऱ्यांपर्यंत उसिक आठ-दोननं पुढं. शेवटच्या पाचांत मार्सियानोला संधी आहे, पण एक अडचण राहते : जखमा. १९५४ ला चार्ल्सनं त्याचं नाक उभं फाडलं होतं. आठव्या फेरीत त्यानं चार्ल्सला संपवलं म्हणून वाचला. आजचा रिंगडॉक्टर तेवढी वाट बघत नाही. १५ फेऱ्या जुन्या आणि डॉक्टर आजचा घेतला तर उसिक. दोन्ही जुने घेतले तर माझा पैसा मार्सियानोवर, १४व्या फेरीत.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

उसिकनं १४व्या फेरीत मार खाल्ला असता? तो १२व्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त फिरतो. मामा, हे मन आहे, हिशोब नाही.

मांजराकाठ (लातूर)

१२व्या फेरीत फिरतो कारण तेराव्या फेरीसाठी काही ठेवायचं नसतं.

बिंदुसरा_७ (बीड)

डेम्प्सीचं नाव कोणी काढत नाही. यूट्यूबवर बघितलं तर हात दिसतही नाहीत एवढा वेग आहे. टायसनपेक्षा फास्ट वाटतो.

पूर्णाकाठची (परभणी)

वाटतो, कारण फिल्म पळवलेली आहे. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. नंतर ती २४च्या वेगानं दाखवली की सगळे पळायला लागतात. दुरुस्ती सोपी आहे. ज्या फेरीत कुठं कापाकापी नाही अशी एक पूर्ण फेरी निवडा, घंटेपासून घंटेपर्यंत घड्याळ लावा. खरी फेरी १८० सेकंदांची. क्लिपमध्ये ती १३५ सेकंदांत संपली तर वेग ०.७५ करा, बरोबर होईल. कापलेली फेरी घेतली तर हिशोब चुकतो, तेव्हा माणसं एकदम जागा बदलून उड्या मारताना दिसली की ती फेरी सोडा. रंगवून गुळगुळीत केलेल्या क्लिपा तर घेऊच नका. मधली चित्रं मशीननं भरलेली असतात, ठोसा लागला का मोज्याला घासला हे त्यात कळत नाही.

वेग बरोबर केल्यावरही डेम्प्सी चांगलाच दिसतो. खाली वाकून डावी-उजवीकडं डोलत आत येणं हे टायसनमध्येही आहे, टायसननं त्याच्या फिल्मा भरपूर बघितल्या होत्या. पण ४ जुलै १९१९ ला टोलेडोत ८५ किलोच्या डेम्प्सीनं १११ किलोच्या विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं, ते बघताना डेम्प्सी कुठं उभा आहे ते बघा. विलार्ड गुडघ्यावरून उठायलाय आणि हा डोक्याशी उभा. समोरच्याला पाडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जायचा नियम तेव्हा नव्हता. तो नियम लागू झाल्यावर १९२७ ला शिकागोत टनीला पाडून डेम्प्सी तिथंच रेंगाळला, मोजणी उशिरा सुरू झाली आणि टनीला १४ सेकंदांच्या आसपास मिळाले. त्यामुळं डेम्प्सीची जोड कोणत्याही नंतरच्या चॅम्पियनशी लावताना त्याची निम्मी शिकार नियमातच जाते. उलट बाजू अशी की आजचा रेफरी विलार्डला तिसऱ्या-चौथ्या वेळीच थांबवतो, म्हणजे ती लढत डेम्प्सीनं पहिल्याच फेरीत जिंकलेली असते.

बिंदुसरा_७ (बीड)

मग डेम्प्सी विरुद्ध फ्रेझर? दोघं ८५ ते ९३च्या मधले.

बालाघाटी (उदगीर)

फ्रेझर, मार्च १९७१. दोघंही आत येणारे, तेव्हा मागं कोण हटतो एवढाच प्रश्न. फ्रेझर त्या वर्षी कोणासमोर मागं हटला नाही. सहा फेऱ्या.

गोदाकाठ (नांदेड)

फ्रेझरवरून फोरमनकडं येऊ. किंग्स्टन, २२ जानेवारी १९७३, फोरमन ९८.७ किलो, फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. समोर लेनॉक्स लुईस, नोव्हेंबर २०००, तुआला १२ फेऱ्या जॅबवर ठेवलेला, ६ फूट ५ इंच, पोहोच ८४ इंच, ११३ किलो. १२ फेऱ्या, १० औंस.

बालाघाटी (उदगीर)

फोरमन. लुईसची हनुवटी मॅकॉलनं १९९४ ला आणि रहमाननं २००१ ला दाखवून दिली. दोन्ही वेळा एकच उजवा.

पूर्णाकाठची (परभणी)

दोन्ही वेळा लुईस बेफिकीर होता, आणि दोघांचाही त्यानं नंतर हिशोब चुकता केला. मॅकॉलनंतर तो ट्रेनर इमॅन्युएल स्टीवर्डकडं गेला, तिथून जॅब परत येताना हनुवटीशी यायला लागला. तरी हनुवटीचा मुद्दा खोडून काढता येत नाही, फोरमनचा ठोसा रहमानपेक्षा जड.

पण फोरमन मारतो कसा ते बघा. आधी दोन्ही हात लांब करून समोरच्याच्या खांद्यावर ढकलतो, समोरचा तोल सावरायलाय तोवर रुंद हुक किंवा खालून अपरकट. फ्रेझर ५ फूट साडेअकरा इंच, वाकून येणारा, खालून येणाऱ्या अपरकटला हनुवटी हातात देणारा. नॉर्टन हात आडवे बांधून मागं हटणारा. काराकसमध्ये दुसऱ्या फेरीत गेला. दोघंही फोरमनसाठी बनवलेले. लुईस त्याच्यापेक्षा उंच आणि १४ किलो जास्त. त्याला ढकलायचं म्हणजे हात वर उचलून ढकलावं लागणार, आणि हात वर गेले की मधून लुईसचा उजवा अपरकट. २००२ ला मेम्फिसमध्ये टायसनला त्यानं अपरकटनं आणि वरून टाकलेल्या वजनानं कसं मोडलं ते बघा. रेफरीनं ढकलल्याबद्दल एक गुण कापला, तरी त्याचं काम होऊन गेलेलं होतं.

चार फेऱ्यांत फोरमन, नाहीतर नवव्या-दहाव्यात लुईस. मला शक्यता चाळीस-साठ वाटते, लुईसच्या बाजूनं.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

फोरमन दमतो हे १९७४ ला अलीशी झालेल्या किन्शासाच्या लढतीवरून धरलंय ना? ती लढत पहाटे चारला, दमट उकाड्यात, ढिल्या दोरांवर झाली. उकाड्यात आठ फेऱ्या पूर्ण ताकदीनं फिरवून कोण दमणार नाही? मे महिन्यात परभणीत नुसतं सावलीत बसून दाखवा.

पूर्णाकाठची (परभणी)

परभणीच्या उन्हाची बाजू मी घेतेच, पण १९७७ ला सॅन हुआनमध्ये जिमी यंगनं त्याला बाराव्या फेरीत पाडलं, तेव्हा दोर ताठ होते. फोरमन दमायचा कारण प्रत्येक ठोसा पूर्ण ताकदीचा, श्वास रोखून. म्हाताऱ्या फोरमननं हे सोडलं. १९९४ ला ४५व्या वर्षी मूररला पाडलं ते नऊ फेऱ्या हळूहळू जॅब मारत, दहाव्यात एक सरळ उजवा. म्हातारा फोरमन तरुणापेक्षा कमी धोक्याचा पण जास्त शहाणा. लुईससमोर दोघांपैकी एक निवडायचा तर मी तरुणच निवडीन.

बिंदुसरा_७ (बीड)

जो लुईस विरुद्ध फ्यूरी कोणी लावली नाही. ६ फूट ९ इंच बघून लोक आधीच निकाल देतात.

मांजराकाठ (लातूर)

उंचीनं घाबरायचं तर जो लुईसनं कार्नेराला १९३५ ला सहाव्या फेरीत पाडलं तेव्हा कार्नेरा ११८ किलोच्या आसपास होता, लुईस ८९. बडी बेअर, एब सायमन, दोघंही १११च्या पुढचे, दोघंही लुईसनं झोपवले. जो लुईसला मोठा माणूस कधी अडचणीचा गेला नाही, कारण त्याचे ठोसे सहा-आठ इंचांचे. आत शिरल्यावर हात मागं न्यावा लागत नाही.

त्याला अडचणीचा गेला तो फिरणारा माणूस. कॉनचं वर सांगितलंच. वॉलकॉटनं १९४७ ला त्याला दोनदा पाडलं, लढत लुईसला दिली तरी लोक अजून बोलतात. फ्यूरी हे दोन्ही आहे, म्हणजे बेअरएवढा मोठा आणि कॉनसारखा फिरता. शिवाय मिठीत १२० किलोच्या पुढचं वजन मानेवर टाकतो. फेब्रुवारी २०२० ला वाइल्डरला त्यानं तसंच वाकवलं.

जो लुईसला वाट एकच. फ्यूरीला २०१३ ला स्टीव्ह कनिंगहॅमनं दुसऱ्या फेरीत आडवं केलं, आणि कनिंगहॅम क्रूझरवेटमधून आलेला, ९५ किलोचा. ठोसा कोणता? वरून येणारा उजवा, फ्यूरी डावा हात कमरेला ठेवून हसत असताना. वाइल्डरनं पाडलं तेही उजव्यानंच. लुईसचा उजवा कनिंगहॅमपेक्षा सरळ, आखूड आणि खूप जड. आणि लुईसनं एकदा पाडलं की माणूस उठून पळू शकत नाही, त्याच्याइतका शिकार संपवणारा हेवीवेटमध्ये झाला नाही.

उलट, १९३६ ला श्मेलिंगनं लुईसची एक सवय पकडली होती : जॅब मारल्यावर डावा हात खाली येतो. त्या फटीतून उजवा मारत मारत १२व्या फेरीत बाद केलं. १९३८ ला पुन्हा भेटले तेव्हा सवय गेलेली होती, १२४ सेकंदांत काम आटोपलं. म्हणून जून १९३८चीच तारीख घ्या, १९३६ची नको.

१५ फेऱ्या असतील तर लुईस, नवव्या-दहाव्यात. १२ असतील तर फ्यूरी गुणांवर.

खाम_नदी (छत्रपती संभाजीनगर)

मामांच्या सगळ्या निकालात १५ फेऱ्यांचं पारडं जड. फोरमनला १५ फेऱ्या दिल्या तर तो सहाव्यालाच आडवा, ते पण लिहा.

बिंदुसरा_७ (बीड)

नव्यानं बघणाऱ्यानं सुरुवात कुठून करायची? सगळं एकदम बघितलं की काही लक्षात राहत नाही.

पूर्णाकाठची (परभणी)

आवाज बंद करून बघा, हे पहिलं. समालोचक ज्याचं नाव घेतो त्याचेच ठोसे लागलेत असं वाटायला लागतं. एका फेरीत एकाच माणसाकडं बघा, दुसऱ्यांदा लावून दुसऱ्याकडं. वहीत तीनच गोष्टी : जॅब किती मारले आणि किती पोचले, जॅबनंतर हात कुठं परत आला, आणि मिठी कोणी सुरू केली. लागला म्हणजे मोज्याचा पुढचा भाग स्वच्छ पोचला. दंडावर, मोज्यावर आपटलेला धरू नका, लोक आवाजावर फसतात. ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सचे आकडे १९८५ पासूनचे, त्याआधीच्या लढतींचे जे आकडे फिरतात ते नंतर फिल्म बघून काढलेले.

लॅरी होम्सपासून सुरू करा. १९७८ ला नॉर्टनशी झालेली लढत, १५वी फेरी आधी, मग पहिलीपासून. जॅब कसा मारायचा ते दुसरीकडं शोधायची गरज राहणार नाही.

हिंगोलीकर

हे सगळं ठीक. पण आपल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, १९६९चे महाराष्ट्र केसरी, एडिंबरोचं राष्ट्रकुल सुवर्ण, त्यांची जोड आत्ताच्या गादीवरच्या पोरांशी कोणी लावत नाही?

गोदाकाठ (नांदेड)

त्याला वेगळा धागा काढा, तिथं माती का गादी यावरच शंभर प्रतिसाद जातील. आम्ही येतोच.

इथली पुढची जोड : सनी लिस्टन, २५ सप्टेंबर १९६२, पॅटरसनला पहिल्या फेरीत झोपवलेला. समोर लॅरी होम्स, जून १९७८. १५ फेऱ्या, ८ औंस, रेफरी पडिला. लिस्टन ६ फूट १ इंच पण पोहोच ८४ इंच, होम्स ६ फूट ३ इंच आणि ८१. इतिहासातले दोन सगळ्यात चांगले जॅब समोरासमोर, आणि बुटक्याचा हात लांब.

बालाघाटी (उदगीर)

लिस्टनचा जॅब हा जॅब न्हाई, डाव्या हाताचा सरळ ठोसा आहे, माणूस मागं फेकतो. पण होम्सचा आधी पोचतो. शेव्हर्सच्या उजव्यानं पडून उठलेला माणूस आहे. होम्स, गुणांवर, ९-६.

पूर्णाकाठची (परभणी)

शेव्हर्सनं पाडलं ते १९७९ ला. तारीख जून १९७८ दिलीय अण्णांनी, तो पुरावा इथं धरता येणार नाही. लिस्टन, ८-७.